आईचे अभंग घरीच रेकॉर्ड करायचेत, ३० हजारांत काय घ्यावं? (नाशिक)

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, आता गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझी आई पंचवटीतल्या एका भजनी मंडळात वर्षानुवर्षं गायली. स्वतः पेटी वाजवत गाते, काळी तीनमध्ये. तिच्याकडच्या बऱ्याच चाली तिच्या आईकडून आणि निफाडकडच्या बायकांकडून आलेल्या आहेत. कुठे लिहिलेल्या नाहीत, कुठे रेकॉर्ड केलेल्या नाहीत. गुडघ्यांमुळे आता मंडळात जाणं बंद झालंय, पण आवाज अजून खणखणीत आहे. यूट्यूबवर टाकायचं वगैरे डोक्यात नाही. घरच्यांसाठी आणि मंडळातल्या नव्या बायकांना शिकायला म्हणून नीट करून ठेवायचंय.

फोनवर करून बघितलं. पेटी सगळं खाऊन टाकते. आईने वरचा सा लावला की आवाज एकदम दबतो आणि ओळ संपली की पंख्याची घरघर वर येते. शिवाय विहिरीत बसून गातेय असं वाटतं ते वेगळंच.

परिस्थिती अशी: इंदिरानगरात फ्लॅट, हॉल साधारण १० × १४ फूट, खाली टाइल्स, हायवेच्या बाजूला काचेची सरकती खिडकी. तबल्याला भाचा, टाळ धरायला शेजारच्या काकू. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. सगळं धरून बजेट ३० हजार.

एम. जी. रोडला एका दुकानात विचारलं तर त्यांनी ‘स्टुडिओ किट’ पुढे केलं. माइक, रंगीत दिव्यांचं साउंड कार्ड, टेबलाला लावायचा हात, फोम, सगळं एका खोक्यात आणि किंमत माझ्या बजेटच्या पाव. ‘मॅडम, यातच सगळं आलं, बाहेरचं काही लागत नाही.’ घेऊ का?

सोल्डरिंगवाला

नका घेऊ.

कंडेन्सर (बाहेरून वीज लागणारा, बारकावे पकडणारा) माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, लागते. अशा किटमधली कार्डं ती बहुधा देत नाहीत. माइक ३.५ मिमीच्या पिनवर, यूएसबीच्या ५ व्होल्टांतून कसाबसा चालतो. खरखर तिथूनच सुरू होते. त्या कार्डावर टाळ्यांचे आणि हसण्याचे आवाज काढायची बटणं असतात, अभंगाला त्यांचा काय उपयोग?

तुम्हाला लागणार ऑडिओ इंटरफेस. माइकमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टमधला असतो. तो प्रीअँपने वाढवायचा, डिजिटल करायचा आणि यूएसबीने लॅपटॉपला द्यायचा, एवढंच त्याचं काम. घेताना आधी बघा की एक्सएलआर (तीन पिनांच्या गोल प्लगचे) माइक किती लागतात. फोकसराईट स्कार्लेट सोलोला एकच लागतो, दुसरी जागा गिटारसाठी. बेहरिंगर यूएमसी २२ चंही तेच. दुकानदार ‘टू चॅनल’ म्हणून विकतो, घरी आल्यावर कळतं की दुसरा माइक लावायला जागाच नाही. गळा आणि तबला वेगळे हवे असतील तर स्कार्लेट टू-आय-टू किंवा यूएमसी २०२ एचडी. दुसरा बराच स्वस्त आहे आणि तुमच्या कामाला पुरून उरेल.

धातिरकिट

+१. तबल्याला वेगळा माइक पाहिजेच, नाहीतर भाचा नुसता खोक्यावर वाजवतोय असं ऐकू येईल.

माझं मत: गळ्याला शुअर एसएम ५८, तबल्याला कंडेन्सर. टाइल्सवाल्या हॉलमध्ये गळ्याला कंडेन्सर लावू नका राव, तो शेजारच्या घरातला कुकरसुद्धा पकडतो. डायनॅमिक (एसएम ५८ सारखा, वीज न लागणारा) फक्त समोरचं ऐकतो.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), एसएम ५८ च्या नकला बाजारात पोत्याने आहेत. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बिलासकट. फार स्वस्त मिळाला तर तो एसएम ५८ नाही.

दुपारचा चहा

मी जरा उलटं बोलतो. इंटरफेस, दोन माइक, दोन स्टँड, केबल, हेडफोन, सॉफ्टवेअर, ड्रायव्हर. एवढं सगळं कशाला? झूम एच१एन किंवा टास्कॅम डीआर-०५एक्स असला हातातला रेकॉर्डर घ्या, तिपाईवर ठेवा, लाल बटण दाबा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड होतं, स्टिरिओ आहे, लॅपटॉप लागत नाही, आई बिचकत नाही. झूमच्या नव्या एच१ इसेन्शियलमध्ये तर ३२ बिट फ्लोट आहे, म्हणजे पातळी लावायचीही भानगड नाही. पैसे उरतील त्यात मंडळाच्या बायकांना मिसळ खाऊ घाला.

निषाद कोमल

चहासाहेबांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण धागाकर्तीची मूळ तक्रार ‘पेटी आवाज खाते’ ही आहे. एकाच जागी ठेवलेल्या रेकॉर्डरमध्ये गळा आणि पेटी यांचं प्रमाण त्या जागेवरच ठरतं, नंतर काही करता येत नाही. शब्द आणि चाल शिकायला उपयोगी पडावी हा हेतू असेल तर गळ्याजवळ स्वतंत्र माइक हवा.

दुसरं, कुणी तरी लवकरच येऊन सांगेल की आधी मेट्रोनोमवर (एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्रावर) पेटी करा, मग हेडफोन लावून गळा, मग तबला, मग टाळ. कृपा करून तसलं काही करू नका. भजनाची लय सुरुवातीला असते तीच शेवटी नसते. ध्रुपद पलटून आलं की ठेका चढतो आणि तो चढायलाच हवा. ठोक्याला बांधलं तर भजन राहणार नाही. सगळ्यांना एकत्र बसवा आणि एकत्र वाजू द्या. त्यांच्या कानांवर हेडफोन घालू नका. वर्षानुवर्षं बायकांच्या घोळक्यात गायलेल्या बाईला एकटीला हेडफोनमध्ये गायला लावलं की पहिल्या ओळीलाच आवाज आक्रसतो. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

जुना नभोवाणीवाला

मी आकाशवाणीत नोकरी करून निवृत्त झालो. यंत्रं आता बदलली, पण आवाज खोलीत जसा फिरायचा तसाच फिरतो, म्हणून लिहितो.

फोनमध्ये वरच्या सा ला आवाज दबतो आणि नंतर पंखा वर येतो, ते फोन स्वतः पातळी कमी-जास्त करतो म्हणून. काही अ‍ॅपमध्ये ही स्वयंचलित पातळी बंद करता येते. इंटरफेसवर हा प्रश्नच येत नाही, तिथे पातळी तुमच्या बोटात.

धातिरकिट यांचं एक वाक्य मात्र दुरुस्त करायला हवं. कंडेन्सर लांबचं ऐकतो आणि डायनॅमिक जवळचं, असं नसतं. एसएम ५८ ची संवेदनशीलता –५४.५ डेसिबल आणि ऑडिओ टेक्निका एटी २०२० ची –३७, म्हणजे फरक सुमारे १७ डेसिबलचा. एवढंच की कंडेन्सरला गेन (प्रीअँपने आवाज वाढवायचं प्रमाण) कमी द्यावा लागतो. दोन्ही कार्डिऑइड आहेत, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी घेणारे. दोन्ही एकाच अंतरावर ठेवून गळ्याची पातळी सारखी केलीत, तर खोलीचा आवाजही जवळपास सारखाच येईल. लोक एसएम ५८ ओठाला लावून गातात आणि कंडेन्सर दोन फुटांवर ठेवतात, म्हणून हा समज झाला आहे. खोली किती येणार ते अंतरावर ठरतं.

तेव्हा माइकआधी हॉलकडे बघा. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून ‘टर्रर्र’ असं शेपूट ऐकू आलं तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज येरझाऱ्या घालतोय. त्या दोनपैकी एका भिंतीवर काही तरी जाड हवं. घरात गोधड्या असतील, जितक्या जाड तितक्या चांगल्या. दोरी बांधून त्या भिंतीपासून चार बोटं पुढे टांगा, भिंतीला चिकटवू नका. मागे हवा राहिली की तीच गोधडी जास्त खालच्या सुरांपर्यंत काम करते. खाली सतरंजीवर गादी. काचेच्या खिडकीला पाठ करून गायिकेला बसवू नका. माइकचं तोंड गायिकेकडे म्हणजे तिच्या पाठीमागच्या भिंतीकडे असतं, म्हणून पहिली गोधडी तिच्या पाठीमागे.

गंमतजंमत

आमच्या मित्राने खोलीभर अंड्याचे ट्रे चिकटवलेत. भारी दिसतं एकदम. स्वस्तात काम.

जुना नभोवाणीवाला

दिसतं भारी, ऐकू काही वेगळं येत नाही. पुठ्ठा पातळ आणि हलका, तो आवाज शोषत नाही. फक्त फार वरच्या पट्टीतला थोडा विखुरतो.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार, एका दिवसात एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अंड्याचे ट्रे घरात आणले तर आई मला ट्रेसकट बाहेर काढेल, त्यामुळे तो विषय संपला. 🙂

टाळी वाजवून बघितली. ‘टर्रर्र’ आहे, अगदी स्पष्ट. आजीच्या हाताच्या गोधड्या माळ्यावर आहेत, त्या काढते.

दोन प्रश्न. (१) आतली बेडरूम १० × १० ची आहे, हायवेपासून लांब. तिथे केलेलं बरं का? (२) आई गाता गाता पेटी वाजवते, मग गळ्याच्या माइकमध्ये पेटी येणारच. तो माइक ठेवायचा कुठे?

देवळालीकर

आधी आवाजांबद्दल. मी देवळाली कॅम्पच्या बाजूला राहतो. आमच्याकडे तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात, ओझरच्या मित्राकडे विमानं. तुमचा हायवे त्यापेक्षा परवडला, तो निदान एका सुरात असतो.

हायवेचा घोर बहुतेक खालच्या कंपनांचा असतो. रेकॉर्ड झाल्यावर गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावा. काळी तीनचा बायकांचा मध्य सा १८५ हर्ट्झ, म्हणजे मंद्र पंचमसुद्धा १३८ च्या आसपास. ८० च्या खालचं सगळं कापलं तरी गळ्याला धक्का लागत नाही. डग्ग्याच्या ट्रॅकवर मात्र तोच आकडा आंधळेपणाने लावू नका, घुमारा जाईल.

आणि वेळ निवडा. पहाटे पाचच्या आत-बाहेर. काकड्याची वेळ, आईंना सवयही असेल. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून पाण्याची मोटर थोडी उशिरा. फ्रिजचं बटण बंद केलं की त्यात गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे नंतर चालू करायचं विसरत नाही.

धातिरकिट

किल्लीवाली आयडिया लय भारी.

काका, कंडेन्सरबद्दल मान्य. पण कार्यक्रमांत लोक एसएम ५८ च का वापरतात मग?

जुना नभोवाणीवाला

कारण तो पडला तरी चालतो, ओठाला लावला तरी फाटत नाही, फँटम पॉवर लागत नाही आणि सगळ्या साउंडवाल्यांना पाठ आहे. चांगला माइक आहे, १९६६ पासून उगाच टिकलेला नाही. फक्त घरच्या शांत खोलीत, वीतभर अंतरावर, म्हाताऱ्या आवाजातली बारीक हरकत आणि श्वास हवा असेल तर मी कंडेन्सर घेईन.

आता मंद्रसप्तक यांचे प्रश्न.

पहिला. हॉलच बरा. १० × १० ची खोली चौरस, बहुधा उंचीही दहाच्या जवळ. समोरासमोरच्या भिंतींमध्ये १० फुटांना सुमारे ५६ हर्ट्झला आवाज फुगतो आणि चौरस खोलीत लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच सूर फुगतो. गळ्याला त्याचा त्रास नाही, डग्ग्याला आहे. एखादा ठोका ढब्ब होतो, पुढचा गायब. बेडरूममध्ये कपड्यांनी भरलेली उघडी कपाटं आणि मोठी गादी असेल तर ती तुलनेने कोरडी असते हे खरं, पण तिथे चार माणसं बसणार कुठे?

दुसरा, आणि या धाग्यातला हाच कामाचा. कार्डिऑइड माइक पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो. ती पाठ तुम्ही कुणाकडे करता यावर निम्मं काम होतं. बूम स्टँड (आडवा हात असलेला स्टँड) पेटीच्या बाजूला ठेवा, भात्याच्या बाजूने नको, तिथे हाताची ये-जा असते. आडवा हात पेटीवरून आत आणा. माइक आईंच्या हनुवटीच्या खाली, छातीच्या उंचीला, तोंडापासून वीतभर. त्याचं तोंड वर ओठांकडे वळवा. म्हणजे पाठ आपोआप खाली पेटीच्या पट्ट्यांकडे होते. पेटी तरीही येईल, पण दूरची येईल, आणि ती तेवढी हवीच असते.

एटी २०२० घेतलात तर लक्षात ठेवा, तो टोकाकडून गायचा माइक नव्हे, बाजूने गायचा आहे. लोगोची बाजू म्हणजे तोंड. म्हणजे वरच्या मांडणीत तो जवळजवळ आडवा झोपेल, लोगो वर. पुष्कळ लोक त्याच्या टोकात गातात आणि माइक मेंगळट आहे म्हणून परत करतात.

खालून वर बघणाऱ्या माइकचा आणखी एक फायदा. अभंगात ‘प’ आणि ‘भ’ ठासून भरलेत: पांडुरंग, पंढरी, भक्ती, भाव. त्या अक्षरांचा वारा तोंडातून सरळ पुढे जातो, माइकच्या डोक्यावरून. तरी माइकपुढे जाळी (पॉप फिल्टर) लावाच.

तबला गायिकेच्या समोर, पेटीच्या पलीकडे. म्हणजे तबल्याच्या माइकची पाठ पेटीकडे ठेवता येते. तो तबला आणि डग्ग्याच्या मधोमध, वीत-दीड वीत उंच. गळ्याचा माइक तोंडापासून वीतभर, तर दुसरा माइक त्याच्यापासून निदान तीन विती लांब हवा, नाहीतर एकच आवाज दोन्हींत किंचित मागेपुढे येऊन पोकळ होतो.

निषाद कोमल

हा प्रतिसाद जपून ठेवतेय. काका, टाळांचं काय?

जुना नभोवाणीवाला

टाळ सर्वांत लांब. शक्य असेल तर हॉलच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये. काकूंना राग येईल, चहा आधी द्या. टाळाचा टोला क्षणभराचा पण फार उंच असतो. मीटर नीट दाखवेपर्यंत ट्रॅक फाटलेला असतो. त्यांना वेगळा माइक नको, दोन्ही माइकांत मिळून हवे तेवढे येतात.

दुपारचा चहा

काकांनी माझा रेकॉर्डर पाण्यात घातला, पण समाधानाने बुडतोय.

हिशेब तरी कुणी करा. इंटरफेस, कंडेन्सर, एसएम ५८, हेडफोन, स्टँड, केबल मिळून ३० हजार ओलांडतात.

सोल्डरिंगवाला

ओलांडतात. म्हणून एसएम ५८ विकत घ्यायचा नाही. नाशिकमध्ये ज्या मंडळाकडे साउंड आहे त्याच्याकडे एसएम ५८ नाहीतर एसएम ५७ पडलेला असतोच. तबल्याला तो चालतो. मागून आणा.

घ्यायचं ते: यूएमसी २०२ एचडी, एटी २०२०, बंद कपांचे हेडफोन (एटीएच-एम२०एक्स पुरे, आत्ता तरी), एक भक्कम बूम स्टँड, दोन बऱ्या एक्सएलआर केबल, जाळी. स्टँडमध्ये पैसे वाचवू नका. हलक्या स्टँडवर आडवा हात लांब काढला की माइक हळूहळू खाली झुकतो आणि शेवटी पेटीवर टेकतो. स्पीकरचा मोह टाळा, त्या हॉलमध्ये स्टुडिओ मॉनिटरसुद्धा खोटंच सांगतील.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. ६० दिवस पूर्ण चालतं, नंतर घरगुती परवाना ६० डॉलर. इंटरफेसचा ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या साइटवरून घ्या आणि रीपरमध्ये एएसआयओ (ऑडिओसाठीचा ड्रायव्हर) निवडा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, त्याहून वर जायची गरज नाही. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी होतं. पातळी अशी ठेवा की आईंचा सर्वांत मोठा सूर मीटरवर –१२ डेसिबलच्या आसपास जाईल. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा आहे, मीटर लाल करायची हौस सोडा.

धातिरकिट

मंद्रसप्तक ताई, मी कॉलेज रोडला आहे. माझ्याकडे एसएम ५७ आणि छोटा स्टँड आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, महिनाभर नेऊन ठेवा. भाच्याला सांगा गजरे आधीच ठोकून पेटीशी स्वर मिळवून ठेव, पहाटेच्या गारव्यात तबला उतरतो. पेटी किंचित वरखाली असेल तर अ‍ॅपवरच्या ४४० वर मिळवू नका, पेटीवरच मिळवा.

मंद्रसप्तक

अपडेट.

सामान आलं. धातिरकिट दादांकडून माइक आणला, त्यांच्या घरच्यांनी जेवूनच पाठवलं, त्याबद्दल वेगळे आभार.

लावून बघितलं तर हेडफोनमध्ये सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज. कुणी गात नसतानाही. लॅपटॉपला हात लावला की बदलतो. माइक खराब आला का?

गंमतजंमत

अर्थिंगचा प्रॉब्लेम. सोपं आहे, चार्जरच्या प्लगची तिसरी मोठी पिन काढून टाका, नाहीतर दोन पिनांचा अडॅप्टर लावा. लगेच जातो.

सोल्डरिंगवाला

अजिबात नाही! ती पिन जीव वाचवायला असते. आई पेटीला, माइकच्या जाळीला, लॅपटॉपला हात लावणार आहेत. असले सल्ले देऊ नका हो.

ताई, माइक बहुधा ठीक आहे. चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवून ऐका.

मंद्रसप्तक

चार्जर काढला आणि आवाज गायब!

सोल्डरिंगवाला

मग झालं. रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर दोन ट्रॅक तासभर सहज निघतात, वायफाय बंद ठेवा. आणि सवडीने वायरमन बोलावून त्या बोर्डाची अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉपला हात लावल्यावर आवाज बदलतो याचा अर्थ तिथे अर्थ लागलेलाच नसेल किंवा सैल असेल. रेकॉर्डिंग सोडा, घरात गीझर आहे.

मंद्रसप्तक

वायरमन येऊन गेला. हॉलच्या बोर्डात अर्थची वायर नुसती कोंबलेली होती, कुठेच जोडलेली नव्हती. आता चार्जर लावूनही घूं येत नाही. तरी बॅटरीवरच केलं.

रविवारी पहाटे बसलो. गोधड्या दोरीवर टांगल्या, एक आईच्या मागे, एक समोरच्या भिंतीला. आईचं पहिलं वाक्य, ‘हे काय, बाळंतिणीची खोली केलीत का?’ माइक काकांनी सांगितला तसा खालून लावला. तिला तो दिसतच नव्हता, कारण नजर पेटीच्या वरून समोर भाच्याकडे. हा फायदा कुणी लिहिला नव्हता. दुकानात बघितला तसा माइक तोंडासमोर असता तर ती त्याच्याकडेच बघत राहिली असती.

सुरुवातीला एक खटखट येत होती, कळेना. हेडफोन लावून ऐकल्यावर कळलं, भाता ओढताना पेटी किंचित सरकते आणि स्टँडच्या पायाला लागते. स्टँड टीचभर लांब नेला, खाली घडी घातलेली चादर ठेवली, गेली.

काकूंना पॅसेजमध्ये बसवलं. रागावल्या नाहीत, पण मध्येच लिफ्ट आली. ती गवळण पुन्हा घेतली.

आवाज... काय सांगू, आईच्या गळ्यात आलाप संपताना एक बारीक कंप आहे, तो मला इतकी वर्षं समोर बसून कधी ऐकू आला नव्हता. पेटी मागे आहे. विहीर नाही. तबल्याची चाट स्वच्छ, डग्गा जरा ढब्ब वाटतोय. काय करू?

धातिरकिट

माइक डग्ग्याकडून तबल्याकडे थोडा सरकवा, आणि भाचा मांडी घालून भिंतीला टेकून बसला असेल तर त्याला हॉलच्या आत ओढा. भिंतीशी डग्गा फुगतो.

मंद्रसप्तक

भिंतीलाच टेकून बसतो तो. ओढते.

देवळालीकर

मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्येच दोन ठिकाणी ठेवा, एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि ती डिस्क दुसऱ्या घरी. मंडळाच्या बायकांना एमपी३ करून पाठवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून. आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आईंना बोलायला लावा: कुठला अभंग, चाल कुणाकडून आली, कुठल्या गावची. फाइलचं नाव कुणी तरी बदलतं, आवाजातलं बदलत नाही.

निषाद कोमल

याला मात्र +१००. त्या निफाडच्या बायकांची नावंही घ्यायला सांगा, आठवतील तेवढी.

जुना नभोवाणीवाला

छान झालं. पावसाळा येतोय, कंडेन्सर स्टँडवर तसाच ठेवू नका. आतल्या पडद्यावर दमट हवा आणि धूळ बसली की चरचर सुरू होते. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुडीतल्या दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. देवघराजवळ ठेवू नका, धूप-कापराचा धूर त्याला चालत नाही.

मंद्रसप्तक

डबा देवघराशेजारच्या कपाटातच होता, लगेच हलवला.

गंमतजंमत

अवांतर: आमच्या पथकाचा ढोल-ताशा याच सेटअपवर घरी रेकॉर्ड होईल का? पाच ढोल, दोन ताशे.

धातिरकिट

घरी?? सोसायटीतून काढतील. मोकळ्या मैदानात कर, भिंत जवळ नको. ताशाला एसएम ५७ कमरेच्या उंचीवरून हातभर लांब, ढोलांना मिळून एक माइक बराच मागे. गेन शून्यापासून सुरू कर आणि तरीही लाल झाला तर माइक आणखी मागे घे. पण माझा एसएम ५७ सध्या ताईंकडे आहे.

जुना नभोवाणीवाला

ढोलासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. या धाग्यात ताशा आला की बाकी काही ऐकू येणार नाही.